पान नंबर अकरावरची चूक

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या संस्थेच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला. "काकू, तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय तस्संच केलं. हिशेबाची फाइल आली परत. पण शिबिराचे कागद कुठंच दिसत नाहीयेत." मी पोळ्या लाटत होते. गॅस बंद केला, हात धुतले आणि तशीच निघाले.

ही पुस्तिका कसली, ते आधी सांगते. आमची संस्था तालुक्याच्या गावातली, लहानशी. बचत गटांचे हिशेब ठेवणं, विधवा नि निराधार बायकांचे योजनांचे अर्ज भरून देणं, कागदपत्रं जुळवून देणं, अशी कामं. काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क एका रात्रीत गेली. आजारी पडली नाही, कण्हली नाही, सरळ गेली. तिच्याबरोबर सात वर्षांचे हिशेब गेले. आम्ही चौघीजणी दोन महिने गटांच्या पासबुकांवरून ते पुन्हा लिहीत बसलो होतो.

त्या वर्षी भाऊबीजेला भाऊ आला, त्याच्याबरोबर भाचाही. तो पुण्यात कॉम्प्युटरच्याच कामात आहे. माझं रडगाणं ऐकून त्याने मनावर घेतलं. पुढच्या खेपेला तो एक छोटी पेटी घेऊन आला. आत सारख्या दोन डिस्का आणि त्यावर 'झेडएफएस' नावाची फाइल सिस्टिम. "आत्या, आता एक डिस्क मेली तरी कागद मरणार नाहीत," म्हणाला. सगळं जोडून दिलं, इंग्रजी माहितीपुस्तकाचा पत्ता दिला आणि पुण्याला परत गेला.

पहिल्याच आठवड्यात त्याला अकरा फोन झाले. बिचारा मीटिंगमधून बाहेर येऊन बोलायचा. मग अध्यक्षबाईंनी फर्मान काढलं, "तुम्ही बी.ए. आहात, पेपरात लिहिता. हे सगळं मराठीत लिहून काढा बघू." माझं बी.ए. मराठीत झालेलं. कॉम्प्युटरशी माझा संबंध टायपिंगपुरता. पण नाही म्हणायची सोय नव्हती.

तर मी आधी वाचायला बसले. फाइल सिस्टिम म्हणजे काय? डिस्क हे नुसतं रिकामं कोठार. कुठली वस्तू कुठे ठेवली, कुठली जागा मोकळी आहे, हे लक्षात ठेवणारी जी कारभारीण, ती फाइल सिस्टिम. तुमच्या मोबाइलमध्ये, पेन ड्राइव्हमध्येही ती असतेच. पेन ड्राइव्ह तसाच उपसून काढला की कधीकधी फाइल बिघडते ना? कारभारीण वहीत लिहीत असताना आपण दिवा घालवला, असं ते होतं.

झेडएफएस ही जरा थोर कारभारीण. अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेफ बॉनविक, मॅथ्यू आरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ती लिहायला घेतली, २००५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने विकत घेतली. पण खुली झालेली विद्या खुलीच राहिली. २०१३ पासून 'ओपनझेडएफएस' या नावाने जगभरची माणसं मिळून ती पुढे नेताहेत. नावातला झेड मुळात 'झेटाबाइट'चा, म्हणजे एकावर एकवीस शून्यं. आमच्या ऑफिसचा पसारा त्या मानाने मुंगीएवढाही नाही, पण छत्री मोठी असली म्हणून काही बिघडत नाही.

तिचं वेगळेपण मला समजलं ते असं. आपण पूर्वी वहीत चूक झाली की खोडून त्यावरच लिहायचो. बहुतेक साध्या फाइल सिस्टिमही जुन्याच जागी नवं गिरवतात. झेडएफएस असं कधीच करत नाही. बदल झाला की ती कोऱ्या पानावर लिहिते, पान पूर्ण झालं की मगच अनुक्रमणिकेत नवा पान नंबर घालते. मध्येच लाइट गेली तर शेवटच्या काही सेकंदांतलं काम जाईल, पण जुनं पान शाबूत असतं. आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसातून तीनदा लाइट जाते, त्यामुळे हे वाचून मला फारच बरं वाटलं.

दुसरी गोष्ट ताळ्याची. शाळेत गुणाकार झाला की आपण ताळा करून बघायचो. झेडएफएस प्रत्येक तुकडा लिहिताना त्याचा ताळा काढून वेगळ्या जागी ठेवते आणि वाचताना पुन्हा काढून बघते. जमला नाही तर डिस्कने गुपचूप काहीतरी बदललंय हे तिला कळतं. मग ती दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत काढून देते आणि बिघडलेली दुरुस्तही करते. इंग्रजीत याला 'चेकसम' म्हणतात. मी पुस्तिकेत सरळ 'ताळा' लिहिलं. माझ्या सगळ्या लिखाणात हा एकच शब्द असा निघाला, की कुणालाही समजावून सांगावा लागला नाही.

बाकी शब्दांनी मात्र घाम काढला. कोठाराला तिकडे 'पूल' म्हणतात. मी लिहिलं, "प्रथम पूल तयार करावा." आमच्या ऑफिसातल्या मावशींनी विचारलं, "कुठल्या वढ्यावर?" स्क्रबचं तर विचारूच नका. महिन्यातून एकदा कॉम्प्युटर आपणहून सगळ्या पानांचे ताळे तपासतो, त्याला 'स्क्रब' म्हणतात. स्क्रब म्हणजे घासणं, हे ऑफिसातल्या मुलीला ब्यूटी पार्लरमुळे ठाऊक. एका रविवारी स्क्रीनवर 'स्क्रब चालू' असं आलं, ते बघून तिला वाटलं, डिस्क घासूनपुसून लख्ख होणार. तिने मेन स्विचच बंद केला! खरं तर स्क्रब काही पुसत नाही. पण ते तिला कुणी सांगितलं होतं? मीच नव्हतं सांगितलं.

मला आधी वाटलं, सगळे शब्द मराठीत आणावेत. 'संचिका प्रणाली', 'क्षणचित्र' असं लिहूनही पाहिलं. मग लक्षात आलं, स्क्रीनवरचं बटण काही मराठीत बदलणार नाही. बटणावर जे लिहिलंय तेच पुस्तिकेत हवं, नाहीतर बाई शोधत बसेल. म्हणून बटणावरचे शब्द तसेच ठेवले आणि प्रत्येकाचा अर्थ आपल्या भाषेत, एकदाच, पहिल्यांदा येतो तिथे दिला.

भाच्याने मला फ्रीबीएसडी या प्रणालीच्या माहितीपुस्तकातलं झेडएफएसचं प्रकरण वाचायला दिलं होतं. डिक्शनरी घेऊन वाचलं. उत्तम आहे. पण ज्याला स्वयंपाक येतो त्याच्यासाठी. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं, ते घरोघरी का गेलं? त्यांनी वाटी-चमच्याचं माप दिलं. नव्या नवरीला "अंदाजाने मीठ" म्हटलं तर ती काय करणार? मी ठरवलं, आपली पुस्तिका अशी वाटी-चमच्याची करायची. एकेक पाऊल. पुढचं बटण कुठल्या कोपऱ्यात आहे, तेसुद्धा.

आणि सोपं करायच्या नादात मी नको ते गाळलं.

गाळलं काय, तर 'डेटासेट'चं प्रकरण. झेडएफएसच्या कोठारात वेगवेगळे कप्पे करता येतात, त्यांना डेटासेट म्हणतात. जागा सगळ्यांत मिळून वापरली जाते, पण प्रत्येक कप्प्याचे नियम वेगळे ठेवता येतात. मला वाटलं, नवख्या बायकांना कशाला हा ताप? मी लिहिलं, "आपल्याला एकच डेटासेट पुरे." हिशेब, अर्ज, फोटो, सगळं एकातच.

आणि मग पान अकरा. दररोज रात्री अकराला आमचा कॉम्प्युटर 'स्नॅपशॉट' घेतो. म्हणजे फोटो नव्हे, नक्कलही नव्हे. त्या क्षणी जी पानं होती ती फेकायची नाहीत, अशी एक खूण. जुनं पान खोडलेलंच नसल्यामुळे हे चुटकीसरशी होतं आणि सुरुवातीला जागाही जवळजवळ लागत नाही. फाइल चुकून डिलीट झाली तर या खुणेवरून परत मिळते. केवढी मोठी सोय! मी उत्साहाने लिहिलं होतं: "फाइल पुसली गेली तर घाबरू नका. ज्या दिवशी पुसली त्याच्या आदल्या रात्रीचा स्नॅपशॉट निवडा. 'रोलबॅक' दाबा. कॉम्प्युटर काही विचारील, त्याला हो म्हणा."

त्या आठवड्यात गुरुवार, शुक्रवार, शनिवार आमचं शिबिर होतं, संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जांसाठी. सदतीस बायका आल्या. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळं स्कॅन केलं आणि कागद जागच्या जागी परत दिले. कागद ठेवून घ्यायचे नाहीत हा आमचा नियम, कारण पूर्वी कुणाकुणाचे कागद कुठे कुठे अडकून पडलेले आम्ही पाहिले होते.

गुरुवारी सकाळच्या गडबडीत हिशेबाची एक फाइल कुणाच्या तरी हातून डिलीट झाली. सोमवारी ते मुलीच्या लक्षात आलं. तिने पान अकरा उघडलं. बुधवारच्या रात्रीचा स्नॅपशॉट निवडला. रोलबॅक दाबलं. त्यानंतरचे स्नॅपशॉट जातील, चालेल का, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत आलं. तिला ते पुरतं कळलं नाही. पुस्तिकेत "हो म्हणा" लिहिलं होतं. ती हो म्हणाली.

संध्याकाळी भाच्याचा फोन लागला. मी सगळं सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "आत्या, रोलबॅक एका फाइलला नसतो गं. अख्ख्या डेटासेटला असतो. सगळंच्या सगळं बुधवार रात्रीवर गेलं. आणि त्यानंतरचे स्नॅपशॉट पुसल्याशिवाय मागे जाताच येत नाही, म्हणून तर ते विचारत होतं."

"पण दोन डिस्का आहेत ना? दुसरीवर असेल की!"

"त्या एकमेकींचा आरसा आहेत. एकीवर पुसलं की दुसरीवर त्याच क्षणी पुसलं जातं."

दोन डिस्का म्हणजे बॅकअप नव्हे, हे त्याने मला आधी सांगितलंही होतं. माझ्या टिपणवहीत आहे. पुस्तिकेत मात्र मी "आपल्याकडे प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती आहेत" एवढंच लिहून मोकळी झाले होते.

ऑफिसातली मुलगी कोपऱ्यात रडत होती. "काकू, माझंच चुकलं, मी नीट वाचलं नाही." तिने नीट वाचलं होतं, हाच तर घोटाळा. शब्दन् शब्द वाचला होता. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि पान अकरा मोठ्याने वाचून दाखवलं. कुणी काही बोललं नाही. अध्यक्षबाईंनी एवढंच विचारलं, "बायकांना परत बोलवायचं?"

परत बोलवायचं म्हणजे त्यांची आणखी एक दिवसाची मजुरी बुडवायची. शिवाय एस.टी.चं भाडं. मी म्हटलं, नको, मी जाते. लॅपटॉप, एक हलका स्कॅनर आणि ती मुलगी बरोबर घेऊन चार दिवस वाड्यावस्त्या फिरले. एका आजींनी पत्र्याच्या पेटीतून, लुगड्याच्या घडीतून प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद पुन्हा काढले. "पुन्यांदा? हरावलं व्हय?" मी म्हटलं, "हो आजी, माझ्या हातून." त्या म्हणाल्या, "मंग आमचीच पेटी बरी की." काय उत्तर देणार? त्यांच्या पेटीत खरोखरच सगळं होतं.

छत्तीस जणींचे कागद मिळाले. सदतिसावीच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला तिचा मुलगा मुंबईला घेऊन गेला होता. तो यायला तीन आठवडे लागले आणि तिचा अर्ज तेवढा मागे राहिला. तिने तक्रार केली नाही. पण रस्त्यात भेटली की मला अजून तिच्याकडे नीट बघवत नाही.

मग पुस्तिका पुन्हा लिहायला घेतली. या वेळी भाचा म्हणाला, "आत्या, लिहून झालं की एखादीला हातात दे आणि तू मागे बस. काहीही झालं तरी बोलायचं नाही." मी मावशींना बसवलं. सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर सुंदर, कॉम्प्युटर फक्त पुसायला हात लावलेला. त्या मोठ्याने वाचायच्या आणि करायच्या. मी मागे, तोंडाला कुलूप लावून. सोपं नाही हो ते! स्वयंपाकघरात सून उभी असताना सासूने गप्प बसण्याइतकंच अवघड.

"राइट क्लिक करा" इथे त्या थांबल्या. माउस डाव्या हातात धरला होता, तो उजव्या हातात घेतला आणि टिचकी मारली. मावशी डावखुऱ्या आहेत हे मला बारा वर्षांत ठाऊक होतं, पण लिहिताना आठवलं नव्हतं. आता तिथे "माउसचं उजवीकडचं बटण दाबा" असं आहे. अशा एकोणीस ठिकाणी त्या अडकल्या. एकोणीसही ठिकाणी चूक माझी होती.

एका जागी तर सगळ्याच जणी अडकल्या. डिस्क भरत आली म्हणून जुने फोटो डिलीट केले, तरी जागा मोकळी होईना. कारण सोपं आहे. जुन्या स्नॅपशॉटनी ती पानं धरून ठेवलेली असतात. ते स्नॅपशॉट गेले की मगच जागा सुटते. मग आम्ही नियम केला, रोजचे स्नॅपशॉट महिनाभर राहतील आणि नंतर आपोआप जातील. पुस्तिकेत हे अर्धं पान आहे, आणि ते गाळायचा मोह मी या वेळी आवरला.

हिशेबांचा कप्पा वेगळा, अर्जांचा वेगळा, फोटोंचा वेगळा. शिवाय 'सराव' नावाचा एक कप्पा, त्यात काहीही मोडातोडा. भाच्याने तर गंमतच केली. झेडएफएसला खऱ्या डिस्कऐवजी साध्या फाइली दिल्या तरी ती त्यांना डिस्क मानून कोठार बांधते. तसं त्याने एक खोटं कोठार बांधलं, आरशाची एक बाजू आमच्यासमोर मुद्दाम बिघडवली आणि स्क्रब लावलं. किती चुका सापडल्या, किती दुरुस्त झाल्या, ते स्क्रीनवर आलं. फोटो उघडून बघितला तर जसाच्या तसा. मावशींनी टाळ्या वाजवल्या. स्क्रबला त्या दिवसापासून कुणी भीत नाही.

तिसरी डिस्कही आली. दर शनिवारी सगळ्याची एक प्रत तिच्यावर घेतो आणि ती माझ्या घरी, कपाटात साड्यांच्या खाली असते. ऑफिसला आग लागली, पाणी शिरलं, चोरी झाली, तर पेटीतल्या दोन्ही डिस्का एकदमच जातील. आजींची पेटी मला विसरता आलेली नाही.

आणि पान अकरा? आता तिथे पहिली ओळ अशी आहे: "तुम्हाला एक फाइल परत हवी आहे, की अख्खा कप्पा मागे न्यायचा आहे?" एकच फाइल हवी असेल तर फोल्डरवर माउसचं उजवीकडचं बटण दाबून 'आधीच्या आवृत्त्या' उघडायच्या, ज्या रात्रीची हवी ती उघडायची, आणि फाइल कॉपी करून आणायची. बाकी कशाला धक्का लागत नाही. त्याखाली लाल चौकटीत: "रोलबॅक केल्यावर त्या रात्रीनंतर या कप्प्यात कुणीही केलेलं सगळं काम कायमचं जाईल. दोघींनी मिळून वाचल्याशिवाय दाबू नये." भाच्याच्या मते चौकट जरा भडक झाली आहे. मी तशीच ठेवली.

एक प्रकरण मात्र अजून लिहायचं राहिलंय. डिस्क खरंच मेली तर बदलायची कशी? नवी डिस्क घातल्यावर चांगल्या डिस्कवरून तिच्यात सगळं भरलं जातं, त्याला 'रिसिल्व्हर' म्हणतात, आरशाला पुन्हा पारा चढवणं. शब्द छान आहे, पण करून पाहिल्याशिवाय मी आता एक ओळही लिहीत नाही. येत्या रविवारी, तिसऱ्या डिस्कवर ताजी प्रत घेऊन ती घरी पोहोचवली की मग, आम्ही पेटीतली एक डिस्क मुद्दाम बाहेर काढणार आहोत. वाचणार मावशी, करणार मावशी. मी मागे बसणार आहे.